‘ले ह्यूगनो’ पहिल्यांदा ऐकताय? पाच अंकांच्या ऑपेरात शिरायची एक वाट

जाकोमो मायरबेअरचा ‘ले ह्यूगनो’ म्हणजे पाच अंक, सुमारे चार तासांचं संगीत, भरपूर पात्रं आणि सगळं फ्रेंचमध्ये. कुणीतरी सांगतं की ही एका कॅथलिक मुलीची आणि प्रॉटेस्टंट तरुणाची शोकांतिका आहे. नवा श्रोता मोठ्या आशेनं पहिला अंक लावतो, आणि त्याला ऐकू येते ती दारू पीत बसलेल्या सरदारांची मेजवानी. प्रेमाचा पत्ताच नसतो. दुसऱ्या अंकात नदीकाठी आंघोळ करणाऱ्या दासी गातात. बरेच जण इथेच थांबतात.

हा ऑपेरा मला फार जवळचा आहे. तो सोडून देणाऱ्यांपैकी बहुतेकांना संगीत आवडलं नाही असं नसतं, आत शिरायची वाट सापडलेली नसते. एक गोष्ट सुरुवातीलाच धरून ठेवा: इथलं प्रेम कधी एकटं नसतं. त्याच्याभोवती सतत गर्दी असते. ती कधी हसते, कधी प्रार्थना करते, कधी शपथ घेते आणि शेवटी बंदुका रोखते. राऊल आणि व्हॅलेंतीन या प्रेमिकांइतकाच कान या गर्दीकडे दिलात, तर पहिल्या अंकातली मेजवानीसुद्धा वेगळी ऐकू येईल.

जवळ काय काय हवं

- भाषांतरासकट संहिता, म्हणजे लिब्रेटो. फ्रेंच एका बाजूला, इंग्रजी दुसऱ्या बाजूला अशी मिळाली तर उत्तम.
- एक पूर्ण किंवा जवळपास पूर्ण ध्वनिमुद्रण. निवडायचं कसं ते पुढे सांगते.
- बरे हेडफोन. फोनच्या स्पीकरवर यातली खालच्या स्वरांची वाद्यं ऐकूच येत नाहीत, आणि इथे निम्मी गंमत त्यांच्यात आहे.
- पात्रांची नावं लिहिलेला एक कागद.
- तीन मोकळ्या संध्याकाळी. सगळा ऑपेरा एका बैठकीत संपवायचा हट्ट पहिल्या वेळी करू नका.
- शोधताना ऑपेराचं नाव रोमन लिपीत, फ्रेंच स्पेलिंगनं टाका. देवनागरीत शोधून फारसं काही हाती लागणार नाही.

१. आधी १५७२ च्या ऑगस्टमधला तो आठवडा समजून घ्या

ह्यूगनो म्हणजे फ्रान्समधले प्रॉटेस्टंट, कॅल्व्हिनच्या पंथाचे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची आणि कॅथलिकांची यादवी वर्षानुवर्षं चालू होती. समेट व्हावा म्हणून राजा नववा शार्ल याची बहीण मार्गरीत द व्हाल्वा हिचं लग्न नव्हारच्या आंरीशी, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या पुढाऱ्याशी ठरलं. १८ ऑगस्ट १५७२ ला पॅरिसमध्ये लग्न लागलं. त्यासाठी देशभरातले मातब्बर प्रॉटेस्टंट राजधानीत जमले होते. २२ तारखेला त्यांचा नेता अॅडमिरल कोलिन्यी याच्यावर गोळी झाडली गेली. २४ तारीख उजाडण्याआधी लूव्र राजवाड्यासमोरच्या सँ-जेर्मँ-लोक्सेर्वा चर्चची घंटा वाजली आणि कत्तल सुरू झाली. तो संत बार्थोलोम्यूचा दिवस, म्हणून इतिहासात ती त्या नावानं ओळखली जाते. कत्तल पॅरिसमधून इतर शहरांत पसरली आणि हजारो माणसं मारली गेली.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ती घंटा. दुसरी, मार्गरीतचं लग्न. ऑपेरातली मार्गरीत हीच, आणि समेटासाठी लग्नं जुळवायचा तिचा उत्साह मुळात याच घटनेतून आलेला आहे. तिचा नवरा वाचला, पुढे चौथा आंरी म्हणून राजा झाला, आणि १५९८ मध्ये नांतच्या फर्मानानं त्यानं प्रॉटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा दिली. ऑपेरा तिथवर जात नाही. तो घंटेच्या रात्रीच संपतो.

एवढा इतिहास पुरे. राजघराण्याच्या वंशावळी पाठ करायची गरज नाही.

२. पात्रं आणि त्यांचे आवाज कागदावर मांडा

राऊल द नांजी: तरुण प्रॉटेस्टंट सरदार, टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुषी आवाज. सरळ, भाबडा, पटकन संतापणारा.

व्हॅलेंतीन: कॅथलिक, सोप्रानो, म्हणजे बायकांमधला सगळ्यात उंच पट्टीचा आवाज. हिचा आवाज भरदार आणि गडद हवा.

सँ-ब्री: व्हॅलेंतीनचा बाप, खालच्या पट्टीचा पुरुषी आवाज. कत्तलीचं नेतृत्व करणारा.

नव्हेर: कॅथलिक सरदार, बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा पुरुषी आवाज. व्हॅलेंतीनचं लग्न याच्याशी ठरलेलं आहे. पहिल्या अंकात छचोर वाटतो, पण त्याच्याबद्दल घाईनं मत बनवू नका.

मार्गरीत: दुसरी सोप्रानो, हलकी आणि चपळ तानांची.

मार्सेल: राऊलचा म्हातारा नोकर, बास, म्हणजे सगळ्यात खालच्या पट्टीचा पुरुषी आवाज. कट्टर, जुना शिपाईगडी.

उर्बँ: मार्गरीतचा हुजऱ्या. वयानं पोरगा, म्हणून भूमिका बाईच गाते.

दोन सोप्रानोंची गल्लत इथे सर्रास होते. लांबलचक तानांचा खळाळ ऐकू आला तर ती मार्गरीत. आवाजात वजन आणि घालमेल असेल तर व्हॅलेंतीन. २९ फेब्रुवारी १८३६ ला पॅरिस ऑपेरा या संस्थेत पहिला प्रयोग झाला तेव्हा व्हॅलेंतीन कोर्नेली फाल्कोंनी गायली, राऊल अदोल्फ नूरीनं आणि मार्सेल निकोला लव्हासरनं. फाल्कोंचा आवाज पुढच्याच वर्षी रंगमंचावर गातानाच बसला आणि तिची कारकीर्द विशीतच आटोपली. पण त्या जातीच्या आवाजाला फ्रान्समध्ये आजही ‘फाल्कों’च म्हणतात.

३. संहिता मिळवा, आणि फ्रेंचमध्येच ऐका

संहिता उजेन स्क्रीबची, त्यात एमिल देशांची भर आहे. ती जुनी, स्वामित्वहक्क संपलेली. स्वरलिपी आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळते. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या संग्रहात जुन्या संहिता, पोशाखांची चित्रं आणि नेपथ्याचे आराखडे पाहता येतात. पोशाखांची चित्रं एकदा तरी बघाच, पात्रं लगेच डोक्यात बसतात.

व्हिडिओखाली आपोआप उमटणाऱ्या मजकुरावर विसंबू नका. गायलेलं फ्रेंच यंत्राला नीट कळत नाही, आणि त्या चुकीच्या फ्रेंचचं भाषांतर म्हणजे निव्वळ गोंधळ. छापील भाषांतर समोर ठेवून ओळीवर बोट फिरवत ऐकणं हाच उपाय. दहा मिनिटांत सवय होते.

दुसरा सापळा भाषेचा. हा ऑपेरा अनेक दशकं जगभर इटालियनमध्ये गायला गेला, आणि जर्मन भाषांतरातही त्याची मोठी परंपरा आहे. त्यामुळे शोधताना ‘ली उगोनोत्ती’ नावाची इटालियन ध्वनिमुद्रणं वर येतात. त्यात थोर गायक आहेत, पण तुमच्या हातातली संहिता जुळणार नाही आणि काटछाटही जबर असते. जुन्या काळी सेन्सॉरनं काही शहरांत कथेचा काळ आणि पंथच बदलून टाकले होते, म्युनिकमध्ये तर अँग्लिकन आणि प्युरिटन अशी नावं देऊन प्रयोग झाला. मूळ पॅरिसमध्येसुद्धा राजमाता कातेरीन द मेदिचीला कटाच्या प्रवेशात आणायला परवानगी मिळाली नाही. तिच्या वाट्याचं काम सँ-ब्रीकडे आलं. मला विचाराल तर नाटकाचं त्यात भलंच झालं, कारण कट रचणारा आता नायिकेचा बाप आहे.

४. ध्वनिमुद्रण निवडताना काटछाट तपासा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. या ऑपेराचे जवळजवळ सगळे प्रयोग कापलेले असतात. कुणी पाचव्या अंकातला नाचाचा प्रवेश गाळतं, कुणी तिसऱ्या अंकातली समूहगीतं. एके काळी काही ठिकाणी चौथ्या अंकाच्या शेवटीच पडदा टाकत. म्हणून आधी एकूण लांबी पाहा. साडेतीन तासांच्या बरंच खाली असेल, तर पहिल्या ऐकण्यासाठी ते घेऊ नका.

घरी ऐकायला रिचर्ड बॉनिंगनं १९६९ मध्ये डेका कंपनीसाठी केलेलं ध्वनिमुद्रण सोयीचं आहे. जवळपास पूर्ण, फ्रेंचमध्ये. जोन सदरलँड मार्गरीत, मार्टिना अरोयो व्हॅलेंतीन, निकोलाय ग्याउरोव्ह मार्सेल. राऊल गाणाऱ्या अनास्तासिओस व्हरेनिओसचा आवाज हलका आहे, आणि त्यावर टीका होते. मला ती अर्धीच पटते. ही भूमिका नूरीसाठी लिहिलेली, आणि नूरी वरचे स्वर छातीतून फेकत नसे, मऊ करून घेत असे. वरचा स्वर पूर्ण ताकदीनं लावायची पद्धत पॅरिस ऑपेरात रुजली ती १८३७ मध्ये ज्यिल्बेर द्यूप्रे तिथे आल्यावर.

उलट टोक ऐकायचं असेल तर १९६२ चा मिलानच्या स्काला थिएटरमधला प्रत्यक्ष प्रयोग आहे: फ्रांको कोरेल्ली, ज्युलिएत्ता सिमिओनातो आणि पुन्हा सदरलँड. इटालियन, कापलेला, पण आग ओकणारा. तो दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

पाहायचं असेल तर १९९० चा सिडनीचा प्रयोग चित्रफितीवर मिळतो. सदरलँडनं ऑपेराच्या रंगमंचाचा निरोप घेतला तो याच प्रयोगात. पोशाख, महाल, मेणबत्त्या सगळं जुन्या धाटणीचं, त्यामुळे कोण कोणत्या बाजूचं हे चटकन कळतं.

५. पहिली संध्याकाळ: चौथा अंक

हो, चौथाच. आधी तीन अंकांचा सारांश वाचून घ्या. राऊलनं एका अनोळखी मुलीला गुंडांपासून वाचवलं आणि तो तिच्या प्रेमात पडला. तीच व्हॅलेंतीन. नव्हेरशी ठरलेलं लग्न मोडावं अशी विनंती करायला ती त्याच्या घरी गेली, राऊलनं तिला तिथे पाहिलं आणि तिला नव्हेरची प्रेयसी समजला. पुढे मार्गरीतनं समेटासाठी या दोघांचं लग्न ठरवलं तेव्हा त्यानं भर दरबारात नकार दिला. अपमानित व्हॅलेंतीनचं नव्हेरशी लग्न झालं. राऊलला खरं कळलं ते त्याच दिवशी, पण तोवर उशीर झाला होता.

आता अंक लावा. राऊल शेवटचं भेटायला नव्हेरच्या घरी आलाय. पावलं वाजतात, व्हॅलेंतीन त्याला पडद्यामागे लपवते. सँ-ब्री आणि सरदार येतात, आणि आज रात्री सगळ्या ह्यूगनोंना मारायचं ठरतं. इथे नव्हेरकडे लक्ष द्या. माझ्या पूर्वजांत सैनिक आहेत, खुनी एकही नाही, असं म्हणून तो आपली तलवार मोडतो. पहिल्या अंकातला छचोर माणूस तो हाच. त्याला अटक होते.

मग तीन साधू येतात आणि हत्यारांना आशीर्वाद देतात. ऐकताना आवाजाच्या चढ-उताराकडे लक्ष ठेवा. सुरुवात संथ, गंभीर, एखाद्या प्रार्थनेसारखी होते. हळूहळू पुरुषांचा सगळा जमाव त्यात ओढला जातो आणि एक क्षण असा येतो की हेडफोन काढावासा वाटतो. बहुतेक संगीतकारांनी इथे पडदा पाडला असता. मायरबेअर पाडत नाही. मारेकरी सावध होतात, मध्यरात्री भेटायचं ठरवतात आणि अगदी हळू आवाजात, पाऊल न वाजवता पांगतात. आरोळ्यांपेक्षा ती कुजबुज जास्त भीती घालते.

खोली रिकामी होते. राऊल पडद्यामागून येतो, त्यानं सगळं ऐकलंय. आता दोघांचं गाणं सुरू होतं. एवढ्या प्रचंड समूहगीतानंतर फक्त दोन आवाज. हे द्वंद्वगीत मूळ आराखड्यात नव्हतं, नूरीच्या आग्रहानं ते आलं आणि त्याचे शब्द देशांनी लिहिले. गाण्याचं चक्र असं फिरतं: राऊलला आपल्या माणसांना सावध करायला जायचंय, व्हॅलेंतीन दार अडवून उभी आहे. ती विनवते, घाबरवते, कारणं सांगते. कशानंच तो थांबत नाही. शेवटी तिच्या तोंडून निघून जातं की माझं तुझ्यावर प्रेम आहे.

त्या शब्दावर वाद्यवृंदाची सगळी धावपळ थांबते. राऊल म्हणतो, तू म्हणालीस! पुन्हा म्हण. इथून पुढचा संथ भाग एकदा संहितेविना, डोळे मिटून ऐका. राऊल बाहेरचं जग खरोखर विसरलाय, आणि वरचे स्वर त्यानं ओरडून लावले तर हा भाग वाया जातो. म्हणूनच मी मऊ गळ्याची बाजू घेतली. मग लांबून घंटा ऐकू येते. तीच, १५७२ ची. राऊल शुद्धीवर येतो, खिडकीतून तिला रस्त्यावरची कत्तल दाखवतो आणि खिडकीतून उडी टाकतो.

मायरबेअरवर कडाडून टीका करणाऱ्या संगीतकार रिचर्ड वाग्नरनंसुद्धा या प्रवेशाची थोरवी मान्य केली होती.

आपल्याकडची एक सवय इथे आड येते, तीही सांगते. संगीत नाटक ऐकत वाढलेल्यांना पद सुरू झालं की कथा थांबणार आणि गायक ते रंगवणार याची सवय असते. इथे उलट आहे. कथा गाण्याच्या आतच पुढे सरकते. द्वंद्वगीताच्या सुरुवातीला दार अडवलेलं असतं आणि शेवटी खिडकी उघडलेली. निव्वळ चाल आवडते की नाही एवढंच बघत बसलात तर त्यातला निम्मा प्रसंग हातचा जाईल.

६. दुसरी संध्याकाळ: पहिले तीन अंक

आता मागे या. सुरुवातीच्या छोट्याशा वाद्यसंगीतात एक भारदस्त स्तोत्र ऐकू येईल. ते मार्टिन लूथरचं. खरं तर ह्यूगनो कॅल्व्हिनचे अनुयायी, त्यांच्या तोंडी लूथरचं स्तोत्र इतिहासाला धरून नाही, आणि टीकाकारांनी ते तेव्हाच दाखवून दिलं. पण रंगमंचावर ते चोख काम करतं. ही चाल नीट डोक्यात बसवा. पाचव्या अंकात ती लागणार आहे.

पहिल्या अंकात तीन जागा धरा. राऊल आपल्या अनोळखी मुलीची गोष्ट सांगतो तेव्हा भोवती सगळा वाद्यवृंद नसतो, सोबतीला व्हायोला दामूर नावाचं एकच जुनं तंतुवाद्य असतं. मेजवानीच्या गोंगाटात हा एवढाच कोपरा त्याचा आहे. मग मार्सेल येतो. तो बोलायला लागला की चेलो आणि डबल बासचे कोरडे, खरखरीत स्वर त्याच्या मागे चालतात, त्यामुळे न पाहताही तो ओळखू येतो. त्याचं युद्धगीत पिकोलो (छोटी बासरी), बसून (खालच्या स्वरांचं फुंकवाद्य), झांजा आणि मोठ्या ढोलावर आहे: एकदम वर आणि एकदम खाली, मधे पोकळी. सरदार त्याला हसतात. तो ज्या मरणाबद्दल गातोय ते त्यांनी पुढे खरोखर घडवून आणायचं असतं.

दुसऱ्या अंकात मार्गरीतचं तुरेनच्या रम्य भूमीचं गाणं आहे. स्थळ शनोंसोचा महाल. तो आजही शेर नदीवर उभा आहे. हा अंक सुखाचा आहे, तो सुखानं ऐका. शेवटी राऊलच्या नकारानं सगळं विस्कटतं तेव्हा हे सुख का दाखवलं ते कळतं.

तिसरा अंक गर्दीचा. सेन नदीच्या डाव्या तीरावर प्रे-ओ-क्लेर नावाचं मैदान आहे. एकीकडे प्रॉटेस्टंट शिपाई तोंडानं ढोलाचे बोल काढत ‘राताप्लां’ गातात, दुसरीकडून कॅथलिक बायकांची मिरवणूक मेरीमातेचं स्तवन गात येते, आणि दोन्ही एकमेकांवर चढतात. दोन पंथांचं वैर कळायला आता एकाही वाक्याची गरज उरत नाही. त्यानंतर संचारबंदीची हाळी, व्हॅलेंतीन आणि मार्सेलचं सुरेख गाणं, द्वंद्वयुद्धाचा प्रवेश. कंटाळा आला तर मधला जिप्सींचा नाच सोडलात तरी चालेल. पॅरिस ऑपेरात त्या काळी नृत्य असायलाच हवं असा दंडक होता, म्हणून तो आहे.

७. तिसरी संध्याकाळ: चौथा अंक पुन्हा, आणि लगेच पाचवा

पाचवा अंक जेमतेम अर्ध्या तासाचा असतो. मार्गरीतच्या लग्नाचा नाच चाललाय. मधे मधे घंटा वाजते, लोक क्षणभर थबकतात आणि पुन्हा नाचू लागतात. रक्तानं माखलेला राऊल आत येऊन बातमी सांगतो. हा प्रवेश गाळलेलं ध्वनिमुद्रण मिळालं असेल तर दुसरं शोधा.

नंतर स्मशानभूमी, मागे छोटं प्रॉटेस्टंट चर्च, आत बायका आणि मुलं. व्हॅलेंतीन राऊलसाठी पांढरा पट्टा आणते. तो बांधून त्यानं धर्म बदलला तर तो वाचेल. नव्हेर आता मेलाय, ती मोकळी आहे. राऊल नाही म्हणतो. मग तीच त्याच्या धर्मात येते. जखमी मार्सेल दोघांचं लग्न लावतो, तेव्हा साथीला एकटं बास क्लॅरिनेट असतं. ऑपेरात या वाद्याला मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या एकट्याच्या जागांपैकी ही एक. नवरा, नवरी, पुरोहित आणि हा एक काळोखा लाकडी स्वर. दुसरं वऱ्हाड नाही.

आतून लूथरचं स्तोत्र ऐकू येतं. बाहेरून मारेकऱ्यांचं गाणं. स्तोत्र तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. मग ते थांबतं. काय झालं ते कुणी सांगत नाही.

शेवटचा प्रवेश नदीकाठचा. अंधारात सँ-ब्री विचारतो, कोण आहे तिकडे? व्हॅलेंतीन राऊलचं तोंड दाबायला बघते, पण तो ‘ह्यूगनो’ असं उत्तर देतो. मग तीही त्याच्यासोबत तेच म्हणते. गोळ्या सुटतात आणि बापाला आपली मुलगी ओळखू येते. तेवढ्यात मार्गरीतची पालखी तिथून जात असते. शिपायांचं गाणं चालूच राहतं आणि त्यावरच पडदा पडतो. हे सगळं इतकं झपाट्यानं होतं की पहिल्या वेळी संहिता आधी वाचून ठेवलेली बरी.

८. प्रत्यक्ष प्रयोगाला जायचं असेल

हा ऑपेरा रोज कुठे लागत नाही. पॅरिस ऑपेरात एकोणिसाव्या शतकात तो इतका चालला की १९०६ मध्ये त्याचा हजारावा प्रयोग तिथे झाला, आणि तोवर कुठल्याच ऑपेराला तिथे तो आकडा गाठता आला नव्हता. १९३६ नंतर मात्र थेट २०१८ मध्ये संस्थेच्या बास्तीय या नव्या थिएटरच्या रंगमंचावर तो परतला. सात प्रमुख भूमिका समर्थपणे गाणारी माणसं एका वेळी जमवणं महाग आणि अवघड असतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटननं १८९४ मध्ये ती जमवली तेव्हा ‘सात ताऱ्यांची रात्र’ अशी जाहिरात करून तिकिटाचा दर सात डॉलर केला होता.

तेव्हा जाहीर झाला की लगेच हालचाल करा. युरोपातली थिएटरं पुढच्या हंगामाचं वेळापत्रक काही महिने आधी प्रसिद्ध करतात.

- तिकीट थिएटरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. पुनर्विक्री करणाऱ्यांकडे तेच तिकीट बरंच महाग मिळतं.
- भारतातून जाणार असाल तर आधी व्हिसाच्या भेटीची तारीख मिळतेय का ते पाहा आणि मगच तिकिटाचे पैसे भरा. तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.
- जागा निवडताना ‘अंशतः दृश्य’ असं लिहिलेली स्वस्त खुर्ची टाळा. मंचाच्या वरची भाषांतराची पट्टी दिसणं महत्त्वाचं. बास्तीयमध्ये ती फ्रेंच आणि इंग्रजीत असते, बर्लिनच्या डॉइच ऑपेरमध्ये जर्मन आणि इंग्रजीत.
- मध्यांतरं धरून पाच तास जातात. आधी जेवून घ्या आणि परतीची शेवटची मेट्रो बघून ठेवा.
- उशीर झाला तर मध्यांतरापर्यंत आत सोडत नाहीत. पहिलं मध्यांतर दोन अंकांनंतर असू शकतं.
- दिग्दर्शकानं काळ बदलला असेल याची तयारी ठेवा. २०१८ च्या पॅरिसच्या प्रयोगात कथा भविष्यकाळात नेली होती. पात्रं आणि बाजू डोक्यात पक्क्या असतील तर याचा त्रास होत नाही.

पॅरिसमध्ये असाल तर सँ-जेर्मँ-लोक्सेर्वा चर्च लूव्रच्या पूर्व दाराच्या अगदी समोर आहे, आत जाता येतं. जिथे पहिला प्रयोग झाला ते ल पलतिए रस्त्यावरचं थिएटर १८७३ च्या आगीत गेलं, ते शोधत फिरू नका. त्याच्याऐवजी दुसरीकडे उभं राहिलेलं गार्निए थिएटर पाहा. ५ जानेवारी १८७५ ला त्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमात हत्यारांच्या आशीर्वादाचा प्रवेश सादर झाला होता. तिथलं ग्रंथालय-संग्रहालय तिकीट काढून बघता येतं.

९. यानंतर काय ऐकायचं

फ्रोमांताल आलेव्हीचा ‘ला झ्विव्ह’, १८३५ चा. तेच थिएटर, तोच स्क्रीब, तेच नूरी आणि फाल्कों. इथे ज्यू मुलगी आणि ख्रिस्ती राजपुत्र आहेत, आणि शेवट याहून क्रूर. त्यानंतर व्हेर्दीनं पॅरिससाठी १८६७ मध्ये लिहिलेला ‘दॉन कार्लोस’. तो घेताना पाच अंकी फ्रेंच आवृत्तीच मागा. चार अंकी इटालियन आवृत्तीत फोंतेनब्लोच्या जंगलातली नायक-नायिकेची पहिली भेट गाळलेली असते, आणि ते दोघं काय गमावतात ते त्या भेटीतच दिसतं.